दरवर्षी उपांत्य फेरीत

मस्कतहून परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी उघडेबोडके डोंगर सांगितले, रस्त्यावर आडवे येणारे उंट सांगितले, पोटभर खाल्लेली सुरमई सांगितली. त्यांचं समाधान झालं. पण खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांत मी ओमान देश एकाच डोळ्यानं पाहिला. दुसरा डोळा सारखा माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या, बस्त्यावच्या चेहऱ्याकडे होता. त्याला कळलं असेल का, कोणी सांगेल का, आपणच सांगावं का, हे घोकत मी डोंगर पाहिले. त्यामुळे काही प्रेक्षणीय स्थळं राहून गेली असतील तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी वसईकडच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ म्हणजे एके काळी मोठं प्रकरण होतं. ऐंशीच्या आसपास सलग तीन वर्षं विद्यापीठाचा करंडक आमच्याकडे होता. बस्त्याव त्या संघाचा कप्तान. पुढे पोरं पोटामागे पांगली, त्यातली बरीचशी ओमानला गेली. बस्त्याव तिथे एअर कंडिशनिंगच्या कंपनीत सुपरवायझर झाला. ब्याण्णव साली त्याचं पत्र आलं, "सर, आम्ही इथं आठ जण एका खोलीत राहतो. कॉलेजचा सीझन कसा झाला ते दरवर्षी कळवत जा. शुक्रवारी मिसा झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवीन." तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधली रविवारची मोठी मिसाही शुक्रवारीच.

त्या वर्षी आम्ही दुसऱ्याच फेरीत गारद झालो होतो. कागद पुढे घेऊन बसलो आणि डोळ्यांसमोर ती आठ जणांची खोली आली. एका फेरीनं काय बिघडतं, असं म्हणून मी संघाला एक फेरी पुढे सरकवलं. पुढच्या वर्षी आणखी एक. नंतर माझा हात बसला. तरी एक सांगतो, नऊ वर्षांत माझ्या पत्रातल्या संघानं अंतिम सामना कधी जिंकला नाही. दर वर्षी तो उपांत्य फेरीत पोचायचा आणि चिखल, पंच किंवा ताप यांपैकी कशानं तरी शर्थीनं हरायचा. खोटं बोलायलाही थोडी लाज लागते, ती माझ्याकडे होती.

प्रत्यक्षात संघाची दशा अशी की गेल्या मोसमात अकरा खेळाडू जमवताना नाकी नऊ आले. बॅडमिंटनच्या मुलाला गोलमध्ये उभं केलं. मी निवृत्त झालो तरी संध्याकाळी मैदानावर जातो, कारण गेलो नाही तर तिथे म्हशी येतात.

अशात बस्त्यावचा फोन आला, "सर, तिकीट पाठवतो. तुम्ही रिटायर झालात, आता या. नीलबद्दल पण बोलायचंय." नील हा त्याचा एकुलता एक मुलगा, बारावीला. त्याला जूनमध्ये आमच्या कॉलेजात पाठवायचं बस्त्यावनं ठरवलं होतं. का, तर फुटबॉलसाठी. आणि पुरावा काय, तर माझी नऊ पत्रं.

सीब विमानतळ, बुधवार

तिकडे जायची पद्धत अशी की व्हिसाची फोटोकॉपी तुमच्या हातात आणि मूळ कागद मस्कतच्या विमानतळावर एका खिडकीत. विमानात तीन तास मी तो मूळ कागद खिडकीतून उडून गेल्याचं पाहत होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. कागद मिळाला. मग कस्टमच्या माणसानं बॅग उघडली. ग्लोरियासाठी, म्हणजे बस्त्यावच्या बायकोसाठी, सुके बोंबील आणि बॉटल मसाला घेतला होता. त्यानं बोंबलाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला आणि जणू माझी कीव येऊन बॅग बंद केली.

बाहेर बस्त्याव उभा. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण चालणं तेच, डावा खांदा पुढे काढून. भर गर्दीत तो माझ्या पाया पडला. 

गाडी इतकी लखलखीत की बसायला संकोच वाटावा. मी कौतुक केलं तर म्हणाला, "कौतुक कसलं सर, गाडी मळकी दिसली तर पोलीस फाईन मारतात." आमच्याकडे हा कायदा आला तर अर्धा जिल्हा पायी चालेल.

तो वादी अदाईला राहतो. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, त्यावर गवताची काडी नाही, आणि मधल्या कोरड्या ओढ्याच्या कडेनं पांढरी घरं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो डोंगर आधी मेलेला वाटतो. दोन दिवसांनी कळतं की सूर्य कलला की तोच डोंगर तांबूस होतो आणि मग त्याच्यावरून नजर निघत नाही.

बस्त्यावच्या दिवाणखान्यात संघाचा मोठा फोटो होता. त्याखाली प्लास्टिकच्या फाईलमध्ये तारीखवार लावलेली माझी पत्रं. फाईल मी उघडली नाही.

जेवताना सुरमईचं कालवण होतं. ग्लोरिया वाढता वाढता म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा आता. माझा भाऊ म्हापशाला असतो. तो म्हणतो, नीलला गोव्याला ठेव, तिकडे फुटबॉल जिवंत आहे. हे ऐकतच नाहीत."

"गोव्यात काय आहे?" बस्त्याव म्हणाला. "आपलं कॉलेज नऊ वर्षं सेमीफायनलच्या खाली गेलेलं नाही. सांगा सर हिला."

माझ्या घशात काटा अडकला. खराच अडकला. कोरडा भात गिळायला लावला, पाठीत गुद्दे बसले, त्यात दहा मिनिटं गेली आणि विषय राहून गेला. आयुष्यात माशाच्या काट्याचे आभार मी त्या एकाच दिवशी मानले.

अल खौद, गुरुवार

नील गुरुवारी अल खौदला खेळतो, युनिव्हर्सिटीकडच्या दुकानांमागच्या सपाट जमिनीवर. जमीन म्हणजे खडी. पडलं की गुडघा सोलवटणारच. तिथे ओमानी मुलं, मलबारी मुलं आणि हा आमचा काटकुळा पोरगा. मी मनात म्हटलं होतं, बापाच्या डोळ्यांनी मुलगा बघितला की प्रत्येक जण कप्तान दिसतो. साधारणच असेल तर बरं, म्हणजे माझ्या खोट्यानं फारसं कोणाचं नुकसान होणार नाही.

पोरगा साधारण नव्हता. पहिल्या पाच मिनिटांत मला ते कळलं आणि अंगाला घाम फुटला. चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागे बघून घ्यायचा. हे शिकवून येत नाही. सव्वीस वर्षांत दोघांच्यातच पाहिलं, त्यातला एक त्याचा बाप.

मध्यंतरात तो पाणी प्यायला आला. मराठी बोलताना तो प्रत्येक शब्द आधी तपासून मग बाहेर काढतो.

"सर, डॅडी बोलतात की तुमच्या टीममध्ये सिलेक्शन खूप... टफ असते. मला मिळणार?"

"मिळेल," मी म्हणालो. आमच्या संघात सिलेक्शन म्हणजे जो दिसेल त्याला हाक मारणं.

"कोच कोण असणार? तुम्ही तर आता रिटायर ना?"

"बघू," मी म्हणालो. कोच कोणीच नव्हता.

परतताना गाडीत मला भलतेच विचार येऊ लागले. एवढा एक मुलगा मिळाला तर? त्याच्याभोवती आणखी चार गोळा होतील. मी रोज येईन, फुकट शिकवीन. दोन वर्षांत संघ उभा राहील आणि पत्रातलं सगळं खरं होऊन जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला? हा विचार मला इतका गोड वाटला की मी वाटेत गाडी थांबवून सगळ्यांना चहा पाजला. त्या गोडव्याचीच मला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली.

रुवी, शुक्रवार

मिसा सुटल्यावर चर्चच्या आवारात, गाड्यांच्या सावलीला आमचा जुना संघ जमला. कोणी ऑफिसात, कोणी हॉटेलात, कोणी गॅरेजमध्ये. टकलं, चष्मे, पोटं. पण मला पाहून सगळे पोरांसारखे रांगेत उभे राहिले. मी हिंदू माणूस, मिसा चालू असताना मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात गणपतीला साकडं घालत होतो, हे त्यांना सांगितलं नाही.

तिथे जोकिम भेटला. आमचा जुना बचावपटू, आता एका मोठ्या हॉटेलात शेफ. तो पहिल्यापासून वादाचा शौकीन.

"सर आलेत म्हणून विचारतो," तो म्हणाला. "आपलं कॉलेज अजून टॉपला आहे का? बस्त्याव म्हणतो आहे. मी म्हणतो, ते दिवस खलास. मुंबईची कॉलेजं आता कोच ठेवतात, जिम ठेवतात. आपल्याकडे काय, पाच आंब्याची झाडं!"

"आणि सेमीफायनल काय आंब्याच्या झाडांनी खेळली?" बस्त्यावनं फाईल उघडली. ती त्यानं बरोबर आणली होती. "हे बघ. अठ्ठ्याण्णव, सेमी. नव्व्याण्णव, सेमी. गेल्या वर्षी सेमी, आणि ते पण दोन प्लेअर तापानं आजारी असताना."

"दरवर्षी सेमीच कशी रे? कधी वर नाही, कधी खाली नाही?"

"त्याला सातत्य म्हणतात! एखाद्या साली कोणीपण कप मारतो. रोज दारात उभा राहतो तो मोठा."

"दारातच उभा राहतो ना? आत कधी जातो?"

सगळे हसले. दोन तट पडले. एक म्हणाला की मोठेपण करंडकांवर मोजायचं, दुसरा म्हणाला की परंपरेवर. तिसऱ्यानं आमच्या काळच्या एका गोलवरून भांडण काढलं, तो गोल त्याचा की जोकिमचा. मला ते ऐकताना भरून येत होतं. वीस वर्षं वाळवंटात राहून या माणसांना आमच्या म्हशी चरणाऱ्या मैदानाचा एवढा अभिमान!

"सरांनाच विचारू ना," जोकिम म्हणाला. "सर, तुम्ही सांगा. मागच्या सालचा संघ आणि आमचा संघ, फरक काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चोराच्या मनात चांदणं, मला जोकिमच्या प्रत्येक शब्दात टोमणा दिसत होता. मी घड्याळ पाहिलं. मी आकाश पाहिलं, त्यात ढगसुद्धा नव्हता.

"तुमच्यासारखा संघ पुन्हा होणे नाही," मी म्हणालो. हे मात्र शंभर टक्के खरं होतं. टाळ्या पडल्या. बस्त्यावला वाटलं तो जिंकला, जोकिमला वाटलं तो.

इब्री

रविवारी बस्त्यावला कंपनीच्या कामासाठी इब्रीला जायचं होतं. तिथे आमचा जुना गोलकीपर हमीद दुकान चालवतो. हमीद मूळचा श्रीवर्धनकडचा, शिकायला सोपाऱ्याला मावशीकडे राहिला होता. बस्त्याव मला त्याच्याकडे सोडून कामाला जाणार होता.

निझवा शहर मागे टाकलं की जमीन एकदम सपाट होते. क्षितिजापर्यंत खडे, अधूनमधून एखादं काटेरी झाड आणि त्याच्या चार बोटं सावलीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या शेळ्या. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे पिवळी वाळू. इथे तर देवानं बांधकाम अर्धवट टाकून खडी तशीच ठेवलेली. बस्त्याव वाटभर नीलच्या हॉस्टेलबद्दल विचारत होता. खोली हवेशीर आहे का, दूध चांगलं मिळतं का. मी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होतो. तीन तासांत इतके "हो" झाले की मान दुखायला लागली.

हमीदचं दुकान बाजारात आहे. सुईदोऱ्यापासून चटयांपर्यंत सगळं. आत त्याचा अर्बाब, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा तो मालक, बसला होता. ओमानी म्हातारा, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज मऊ. बस्त्याव निघून गेल्यावर अर्बाबनं मला शेजारी बसवून खजूर पुढे केले आणि कावा ओतला. कावा म्हणजे वेलदोड्याची कडू कॉफी, कप आपल्या बोळक्याएवढा. मी प्यालो, त्यानं भरला. आपल्याकडे "नको, नको" म्हटलं की यजमान एकदा आग्रह करतो आणि सुटका होते. मी "नको" म्हणत होतो आणि तो भरत होता. सातव्या कपाला हमीद गिऱ्हाईक सोडून धावत आला.

"सर, कप हालवा हो! असा, डावा-उजवा. नायतर हा तुमाला मगरिबच्या नमाजापर्यंत पाजील!"

मी कप हलवला. म्हातारा हसून थांबला. नुसतं तोंडानं नको म्हणणं तिथे मोजतच नाहीत, हातानं दाखवावं लागतं.

म्हातारा नमाजाला गेल्यावर हमीदनं गल्ल्याखालचा खण उघडला आणि घडी घातलेलं वर्तमानपत्राचं पान माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडचं साप्ताहिक. पानाला अजून सुक्या मासळीचा वास येत होता.

"मावशीनं बोंबील पाठवलान, ते यात बांधलेलं होतं," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली."

खालच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. आमच्या कॉलेजचा पहिल्याच फेरीत सहा-शून्य असा पराभव. त्या वर्षीच्या माझ्या पत्रात चिखलातली उपांत्य फेरी होती. मी चार ओळी दोनदा वाचल्या. 

"तू कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाय. सरांची चुगली मी कशी करणार? आणि खरं सांगू, तुमचा पत्र वाचतात तेव्हा मला पण बरा वाटतंय. मी इब्रीवरनं तेवढ्यासाठी जातो." त्यानं पानावर बोट ठेवलं. "पण सर, आता पोराची गोष्ट हाय. बस्त्याव त्याला तुमच्या भरवशावर पाठवतोय. तेव्हा मी गप बसणार नाय. सांगायचा तर तुमीच सांगा. माझ्या तोंडातनं आला तर त्याला तुमचा राग येईल, तुमच्या तोंडातनं आला तरी येईल. पण मग तो तुमच्याशी तरी बोलंल."

मी म्हणालो, "हमीद, मी त्याला चांगला तयार करीन रे. रोज जाईन मैदानावर."

"तुमचा वय काय सर?"

"साठ."

"आणि बाकीचं धा प्लेअर?"

गोलकीपर असाच असायचा तो. बाकी सगळे धावत असताना हा एका जागी उभा राहून सगळं बघत असायचा. मी ते पान मागितलं, त्यानं दिलं नाही. म्हणाला, "तुमी सांगितलात की फाडून टाकीन."

परतीच्या वाटेवर बस्त्यावला सांगायचं मी चार वेळा ठरवलं. एकदा तोंड उघडलंही, पण समोर उंट आडवा आला. उंट गेल्यावर मी उंटांबद्दलच विचारत बसलो.

पुन्हा शुक्रवार

मधले चार दिवस मी मत्राह बंदर पाहिलं, किल्ले पाहिले, लोबानाचा धूर नाकात घेतला. लोक म्हणतात फार सुंदर आहे. असेल. मला अन्न गोड लागत नव्हतं. ग्लोरियानं एकदा विचारलं, "सर, तब्येत बरी ना?" त्या बाईच्या नजरेत असं काही होतं की मला वाटलं, हिला अर्धं कळलंय.

शुक्रवारी त्याच आवारात, त्याच सावलीत सगळे जमले. मी दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून बस्त्यावनं समोसे आणले होते. हमीदही पहाटेच इब्रीहून निघून आला होता. तो बाजूला हाताची घडी घालून उभा. बस्त्यावनं जाहीर केलं, "नीलची ॲडमिशन सरांच्या हातात दिली. जूनमध्ये पोरगा आपल्या कॉलेजात."

टाळ्या पडायच्या आत मी उठलो. भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो.

"मी तुम्हाला खोटं लिहिलं," मी म्हणालो. "पत्रांत. आपण उपांत्य फेरीत गेलो नाही. गेली नऊ वर्षं कधीच नाही. गेल्या वर्षी गोलमध्ये बॅडमिंटनचा मुलगा होता. संघ उरलेला नाही. सुरुवातीला थोडं खोटं होतं, नंतर सगळंच. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, आणि नंतर मला स्वतःलाच बरं वाटायला लागलं."

जोकिमनं तोंडाशी नेलेला समोसा खाली ठेवला. वाद जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर शोधूनही दिसला नाही. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मला वाटत होतं कोणी ओरडेल, शिवी देईल, म्हणजे मी तरी मोकळा होईन. कोणी ओरडलं नाही. ते सगळे जमिनीकडे बघत होते. शरम मला वाटायची, ती त्यांनी वाटून घेतल्यासारखी.

नील बापाच्या शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, "डॅडी, सर काय बोलले? सेमीफायनल नाही झाली?"  बस्त्यावनं फाईल बंद केली, गाडीत मागच्या सीटवर टाकली आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळी वादी अदाईच्या कोरड्या ओढ्यातल्या मैदानावर जुन्या संघाचा दर शुक्रवारी ठरलेला सामना झाला, कारण शुक्रवारचा सामना पाऊस पडला तरच रद्द होतो, आणि पाऊस तिथे पडत नाही. बस्त्याव खेळला. माझ्या खुर्चीकडे त्यानं पाहिलं नाही. घरी ग्लोरियानं मला वाढलं, "पोटभर जेवा सर" म्हणाली आणि माझ्या ताटात सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा घातला.  बस्त्याव आत जेवला.

सीब, शनिवार

दुपारचं विमान होतं. मी टॅक्सीनं जातो म्हणालो. तो माझी बॅग घेऊन खाली उतरला.

अर्धा रस्ता गेला. मग तो समोर बघतच म्हणाला, "नीलला तुमच्याकडे नाही पाठवत, सर. ग्लोरियाच्या भावाला फोन केला."

"नको पाठवूस," मी म्हणालो. "मुलगा फार चांगला आहे. गोव्यातच पाठव. आमच्याकडे तो वाया जाईल."

सव्वीस वर्षं ज्या कॉलेजासाठी मुलं पळवून आणली, त्याच्याबद्दल मी हे बोललो. पण बोलताना भीती मात्र कुठे सापडली नाही.

त्यानं मान हलवली. 

विमानतळावर आत जायच्या दारापर्यंत तो ढकलगाडी घेऊन आला. तिथून पुढे प्रवाशालाच सोडतात. मी हात जोडले. तो म्हणाला, "सर, एक विचारू? त्र्याण्णवच्या पत्रात एक सामना होता. आपण दोन-एकनं जिंकलो, शेवटच्या मिनिटाला गोल. त्याच हप्त्यात माझे बाबा गेले. तेव्हाच्या अर्बाबनं जमा करून घेतलेला पासपोर्ट दिला नाही, मला मातीला जाता आलं नाही. ते पत्र मी महिनाभर खिशात ठेवलेलं. कामावर जेवायच्या सुट्टीत काढून तो गोल वाचायचो." त्याचा आवाज बारीक झाला. "ते तरी खरं होतं ना?"

मागचे लोक ढकलगाड्या पुढे रेटत होते. "हो" म्हणायला मला काय लागत होतं? गाडीत इब्रीच्या वाटेवर शंभर वेळा म्हटलं होतं, त्यात एक अजून. त्याच्या डोळ्यांत ते "हो" तयारच होतं, मी फक्त होकार द्यायचा होता.

"नाही रे," मी म्हणालो. "एक-एक बरोबरी झाली आणि मग पेनल्टीवर हरलो. तुझ्या बाबांच्या मातीला मी गेलो होतो. खांदा द्यायला मुलगा नव्हता, ते पाहून घरी आलो आणि तेच पत्र लिहायला बसलो. बरोबरी लिहवेना. शेवटच्या मिनिटाचा गोल मी घातला."

 पोलिसानं मला हातानं आत यायची खूण केली, तरी मी हललो नाही. मग बस्त्यावनं वाकून माझी बॅग ढकलगाडीवरून उचलली, माझ्या हातात दिली.

"चांगला घातलात, सर," तो म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसत गर्दीतून निघून गेला, डावा खांदा पुढे काढून.